टीव्हीवर विकलेला बैल

बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आईबरोबर खडी फोडायला जायचो. दुपारी सुकडी मिळायची आणि रात्री घरी लाल मिलोची भाकरी. ती भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण उतरवावी लागायची. त्याच साली, २ ऑक्टोबर १९७२ ला, मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झालं, हे मला फार पुढं कळलं. दिल्लीत तर ते १९५९ सालीच आलं होतं. आम्हाला त्याचं काय? आम्ही पावसाची वाट बघत होतो.

पुढच्या वर्षी सिंहगडावर टॉवर उभा राहिला आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडं दिसायला लागले. आमचं गाव पुरंदर तालुक्यात. टेकडीवर चढलं की लांबवर सिंहगड दिसतो. आमचे म्हातारे म्हणायचे, "तानाजीच्या गडावर लोखंडाची काठी रोवलीया, त्यातनं चित्रं सुटत्यात." आम्ही पोरं त्या काठीकडं बघत बसायचो. चित्रं काही सुटताना दिसायची नाहीत. मी पहिल्यांदा टीव्ही बघितला तो सासवडला, एका दुकानाच्या काचेतून. आवाज बाहेर येत नव्हता. एक बाई बातम्या देत होती आणि तिच्यापेक्षा काचेत आमचीच तोंडं जास्त दिसत होती.

गावात टीव्ही आला १९८३ साली. सरकारी योजनेतून ग्रामपंचायतीला मिळाला. काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, पुढं सरकणारी दारं आणि त्याला कुलूप. मी दहावी झालेला, रिकामा नव्हतो पण सरपंचांच्या शब्दातला होतो, म्हणून किल्ली माझ्याकडं आली. संध्याकाळी शेतातून यायचं, हातपाय धुवायचे आणि चावडीवर जाऊन पेटी उघडायची. अँटेना वीस फुटी पाइपाला बांधलेली. वारं सुटलं की तिचं तोंड फिरायचं आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एकानं पाइप फिरवायचा, एकानं दारात उभं राहून ओरडायचं, "आलं... आलं... गेलं! माघारी फिरव!" त्या किल्लीमुळं गावात मला मान होता, हे कबूल करतो. पोलीस पाटलाच्या आधी पोरं मला रामराम घालायची.

त्या पेटीत काय दिसायचं? 'आमची माती आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम आमचा ठरलेला. ठिबक म्हणजे काय, ते मी आधी त्यात बघितलं आणि मग बऱ्याच वर्षांनी शेजारच्या गावात प्रत्यक्ष बघितलं. 'गजरा' लागला की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. चिमणराव आणि गुंड्याभाऊ आमच्याकडं घरातल्यासारखे झाले होते. प्रभावळकरांचं आणि बाळ कर्व्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. १९८४ च्या जुलैत 'हम लोग' सुरू झालं. हिंदी निम्मं कळायचं, निम्मं मी सांगायचो, आणि मला कळलं नाही ते मी मनानं घालायचो. त्याच साली ऑक्टोबरअखेर इंदिरा गांधी गेल्या. ३ नोव्हेंबरला अंत्ययात्रा दाखवली, तेव्हा चावडीपुढं उभं राहायला जागा नव्हती. बायांनी डोळ्याला पदर लावले होते. कुणी कुणाला गप्प बस म्हणायची वेळ आली नाही.

'रामायण' १९८७ च्या जानेवारीत सुरू झालं ते ८८ च्या जुलैपर्यंत चाललं. दर रविवारी सकाळी. पेटीला हार, पुढं उदबत्ती, चपला बाहेर. एक म्हातारी नारळ घेऊन यायची आणि मला म्हणायची, "फोड बाबा, तुझ्याकडं किल्ली हाय." वीज गेली की लोक मलाच शिव्या द्यायचे. जणू मी महावितरणचा साहेब! तेव्हा महावितरण नव्हतं, एमएसईबी होती, पण शिव्या त्याच.

आता कुणी म्हणेल, म्हातारा झाला की माणसाला जुनं ते सोनं वाटतं. तसं नाही. जुन्या टीव्हीतही कंटाळा भरपूर होता. मंत्री फीत कापतोय, मंत्री दीप लावतोय. मधेच व्यत्यय आला की दिलगिरीची पाटी, आणि आम्ही त्या पाटीकडंच बघत बसलेलो. आणि एक गोष्ट मला तेव्हापासून टोचायची. शेतीच्या कार्यक्रमातसुद्धा साहेब बोलायचे आणि शेतकरी मान हलवायचा. बाकी कार्यक्रमांत तर आमच्यासारखं तोंड दिसायचंच नाही. गाव दिसलं तर नाटकातलं गाव, धोतर इस्त्रीचं. शिकवायचे, हसवायचे, चांगलं दाखवायचे, हे सगळं खरं. पण ते आमच्याशी बोलायचे, आमचं ऐकायचे नाहीत. पुढं जे झालं ते समजायचं असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

१९९२ साली झी टीव्ही आला. आमच्या गावात केबल यायला आणखी सात-आठ वर्षं गेली. तोवर घरोघरी टीव्ही झाले होते. चावडीवरची पेटी बंद पडली आणि तिच्यात एका कोंबडीनं अंडी घातली. किल्ली अजून माझ्याकडं आहे, कुलूप कुठं गेलं ठाऊक नाही. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. आपल्या भाषेतल्या वाहिन्या म्हणून आम्ही हरखलो होतो. सुरुवातीला चांगलंही पुष्कळ होतं.

३ जुलै २००० हा दिवस मात्र टीव्हीच्या इतिहासात जाड शाईनं लिहायला पाहिजे. त्या एकाच दिवशी, एकाच स्टार प्लस वाहिनीवर, 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' हे दोन्ही सुरू झाले. एकातून सासू-सुनांच्या मालिकांचं पीक आलं, दुसऱ्यातून साध्या माणसाला खुर्चीवर बसवून खेळवायचे कार्यक्रम. 'हम लोग' दीडशेच्या आसपास भागांत संपलं होतं. आपल्याकडं 'चार दिवस सासूचे' २००१ ला लागली आणि २०१३ पर्यंत तीन हजारांवर भाग झाले. नावात चार दिवस, आणि आमच्या घरातल्या दोन सुनांची पोरं तेवढ्यात बालवाडीतून हायस्कुलात गेली. गोष्ट रोज ओढायची म्हटल्यावर ती ताणणारच. उसाच्या चिपाडातून चौथ्यांदा रस काढायला गेलं तर काय निघणार?

पण हे असं का झालं? मी माझ्या कुवतीप्रमाणं शोधलं. जाहिरातवाला पैसे देतो ते किती लोक बघतात यावर. किती बघतात हे कळायला काही घरांत यंत्र बसवतात, त्याचा आकडा म्हणजे टीआरपी. आणि बरीच वर्षं ती यंत्रं शहरातल्याच घरांत होती. खेड्यातली मोजणी 'बार्क'नं २०१५ साली सुरू केली. म्हणजे तोवर आमच्या गावात हजार माणसं टीव्हीपुढं बसली काय किंवा उठून गेली काय, हिशोबात आम्ही शून्य. पशुगणनेत ढोरं मोजतात, पण टीव्हीनं आम्हाला मोजलं नव्हतं.

आणि हे जे रिॲलिटी शो म्हणतात, त्यांचं बियाणं बाहेरचं. करोडपतीचं मूळ ब्रिटनमधलं, १९९८ चं. 'इंडियन आयडॉल' २००४ ला आलं, तेही ब्रिटनच्याच 'पॉप आयडॉल'वरून. 'बिग बॉस' २००६ ला आलं, त्याचं मूळ नेदरलँड्समध्ये, १९९९ चं. संकरित बियाण्यासारखंच हे. घरचं धरून ठेवता येत नाही, कंपनीकडून घ्यावं लागतं. पण उगवण मात्र जोरदार. त्यात मोठा लेखक लागत नाही, नट लागत नाहीत. माणसं स्वतःच्या खर्चानं येऊन रांगेत उभी राहतात.

तसं पाहिलं तर चढाओढ बघायची हौस आम्हाला टीव्हीनं लावलेली नाही. जत्रेत कुस्त्यांचा आखाडा असतोच. नारळापासून कुस्ती सुरू होते आणि शेवटची कुस्ती हजारांवर जाते. पंच चुकला तर लोक आखाड्यात उतरतात. जेजुरी जवळ, त्यामुळं जागरण-गोंधळ रात्र-रात्र ऐकलेला. कुठल्या वाघ्याचा आवाज खरा आणि कुठला नुसता कोरडा, हे आमच्याकडं म्हातारीसुद्धा सांगते. आणि भांडणाचं म्हणाल तर बांधावर दोन भाऊ उभे राहिले की निम्मं गाव औत सोडून बघायला येतं. तेव्हा 'बिग बॉस'ला कोण बघतं, असं शहरातले लोक नाक मुरडून विचारतात तेव्हा मला हसू येतं. सगळेच बघतात. फक्त बांधावरच्या भांडणात संध्याकाळी कुणीतरी वडीलधारा मधे पडतो. तिथं मधे पडणाराच भांडण लावतो.

२००८-०९ च्या थंडीत 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' लागलं, तेव्हा मात्र मीही जागचा हलत नव्हतो. पल्लवी जोशी बोलायच्या, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरीकडचा प्रथमेश, ती चिमुरडी मुग्धा, आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड. कार्तिकी गायला लागली की वाटायचं, हा आवाज आपल्या दिंडीतला आहे. फेब्रुवारी २००९ ला ती जिंकली. गावात पोरांनी फटाके वाजवले. मतं एसएमएसवर होती आणि साध्या एसएमएसपेक्षा त्याला जास्त पैसे पडायचे, तरी ज्यांच्या मोबाईलमध्ये बोलायला पैसे नसायचे त्यांनीसुद्धा पाठवले. तीस वर्षं नुसतं बघत आलो होतो, आता आमचं मत कुणीतरी विचारत होतं. जिंकणारी पोरगी आमच्यातली होती. ही ओढ खोटी नव्हती.

तिथूनच आमच्या घरातली गोष्ट सुरू होते.

धाकट्या भावाला सगळे आप्पा म्हणतात. त्याची थोरली पोरगी गायची. शिकवणी नाही, काही नाही. काकड्याला देवळात बसून उचललेलं. हरिपाठाला ती चाल धरायची आणि म्हातारे माना डोलवायचे. कार्तिकी जिंकल्यावर गावातली सगळी म्हणायला लागली, "आप्पा, हिला घाल की टीव्हीत." दोन वर्षांनी एका वाहिनीच्या गाण्याच्या कार्यक्रमाची निवड पुण्यात होती. नाव कशाला घ्यायचं. मी, आप्पा आणि पोरगी पहाटे तीनला निघालो. एका शाळेच्या मैदानावर रांग. तिच्या फ्रॉकला नंबरचा कागद लावला. दुपारी दोनला आत घेतलं. दीड मिनिट गायली. बाहेर आली ती नाचतच, पुढच्या फेरीत निवड झाली होती.

मग एक पोरगी वही घेऊन आली. शिकलेली, गोड बोलणारी. आप्पाला काका म्हणाली. "काका, घरची परिस्थिती कशी आहे? कर्ज आहे का?"

आप्पा म्हणाला, "सोसायटीचं हाय. दरसाल भरतुया."

"म्हणजे थकलेलं नाही?"

"न्हाय."

तिचं तोंड जरा उतरलं. "मुलीच्या गाण्यासाठी काही त्याग केलाय का तुम्ही? काही विकलं वगैरे?"

आप्पा माझ्याकडं बघायला लागला. त्यानं काही विकलं नव्हतं. मी कांद्याचे पैसे दिले होते एसटीला आणि चहा-नाष्ट्याला, एवढाच खर्च. ती पोरगी मला बाजूला घेऊन म्हणाली, इथं आवाज चांगला असलेली पुष्कळ मुलं आहेत, लोकांना गोष्ट आवडते, गोष्ट असली तर मुलगी लक्षात राहते. मला ते पटलं. खरं सांगतो, मला ते पटलं. मी मनात तीस वर्षांचा हिशोब केला. किल्ली माझ्याकडं असतानासुद्धा त्या पेटीत आमचं कुणी दिसलं नव्हतं. आता दार किलकिलं झालंय तर एका शब्दासाठी कशाला लावून घ्यायचं? मी आप्पाला म्हणालो, "सांग बैल विकला म्हणून. काय बिघाडतंय?"

आप्पा म्हणाला, "पाखऱ्या गोठ्यात बांधलाय की दादा."

"पुण्यात कुणाला दिसतोय?"

आप्पानं सांगितलं. आठ दिवसांनी ते लोक गाडी घेऊन गावाबाहेरच्या रानात आले. आप्पाला बांधावर बसवलं, पोरीला शेजारी. तीन वेळा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळेला त्याच्या डोळ्यात खरंच पाणी आलं. मागून वाजवायचं वाजवलं त्यांनी पुढं, तेव्हा तर विचारूच नका. पोरीनं त्या दिवशी एक शब्द गायला नाही. कुणी तिला गा म्हटलंच नाही.

मुंबईच्या फेरीत ती गळाली. त्याचं दुःख नव्हतं, हार-जीत असते. पण कार्यक्रम लागला तेव्हा सगळं गाव बसलेलं. तिचं गाणं दाखवलं दोन ओळी. आप्पाचं रडणं दाखवलं तीन मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पाखऱ्याला पाण्यावर घेऊन चालला होता. पारावर बसलेल्यांपैकी एकानं विचारलं, "आप्पा, गिऱ्हाइकानं बैल माघारी आणून दिला व्हय?" सगळे हसले. गावाचं हसणं तसं वाईट नसतं, विसरतात. पण नाव पडलं ते पडलं. लग्नात, मयतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. "बैलविके आप्पा." ज्या माणसानं सोसायटीचा एक हप्ता कधी चुकवला नव्हता, त्याच्या बोलण्यावर लोक डोळा मारायला लागले. पोरीनं काकड्याला बसायचं सोडलं. मला कुणी काही म्हणालं नाही. आप्पानंही नाही. घरात वहिनी चहाचा कप पुढं ठेवायची तो जरा लांबून ठेवायची, एवढंच.

२०१२ चा पाऊस गेला. त्या वर्षीचा दुष्काळ म्हाताऱ्यांना बहात्तरची आठवण करून देणारा. खाली-वरी छावण्या पडल्या. कडब्याच्या पेंढीला हात लावायची सोय राहिली नाही. मार्चमध्ये आप्पानं पाखऱ्याला आणि त्याच्या जोडीच्या बैलाला बाजारात नेलं. मी बरोबर गेलो होतो. व्यापाऱ्यानं दावं हातात घेतलं तेव्हा पाखऱ्यानं मान वळवून बघितलं. आप्पा रडला नाही. घरी येईपर्यंत बोललाही नाही. गावात कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगायचं कसं? बैल विकला हे वाक्य त्यानं एकदा खर्च करून टाकलं होतं.

त्यानंतर मी हे कार्यक्रम वेगळ्या डोळ्यांनी बघतो. प्रत्येक वेळी कुणाचा तरी बाप बांधावर, कुणाची तरी आई चुलीपुढं, मागून बासरी. त्यातलं खरं किती आणि वहीवाल्या पोरीनं काढून घेतलेलं किती, हे मला आता ओळखता येत नाही, आणि यातलंच मला सगळ्यात वाईट वाटतं. कारण खरंही असतं. २०१९ ला करोडपतीमध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत पोरांना खिचडी शिजवून द्यायच्या, महिन्याला दीड हजार पगार. त्यांना विचारलं ते सामान्यज्ञान, आणि त्यांनी उत्तरं दिली. खिचडी शिजवणाऱ्या बाईच्या डोक्यात एवढं असतं, हे देशाला दिसलं. हेही टीव्हीनंच दाखवलं, ते नाकारून कसं चालेल? पण गाण्याच्या कार्यक्रमात गाणं ऐकायचं आणि प्रश्नाच्या कार्यक्रमात उत्तर ऐकायचं, आमची गरिबी तेवढी मधे मसाल्यासारखी भुरभुरायची कशाला?

आमच्यासाठी म्हणून काहीच निघालं नाही असंही नाही. २०१५ च्या मे महिन्यात सरकारनं शेतकऱ्यांची वेगळी वाहिनी काढली, डीडी किसान. हिंदीतली. मी चार दिवस लावली. घरातल्यांनी पाचव्या दिवशी रिमोट घेतला. लॉकडाऊनमध्ये, २०२० च्या मार्चअखेर, दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं, तेव्हा मात्र रिमोट महिनाभर माझ्याकडं होता. नातू शेजारी बसून मोबाईल बघायचा. मधेच वर मान करून म्हणायचा, "आजोबा, याला मतं कुठं द्यायची?"

२०२४ ला 'बिग बॉस मराठी'त शेजारच्या बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण गेला. आईबाप नाहीत, मोबाईलवर रीळ करून नावाला आलेला. बोलणं आमच्यासारखं, चालणं आमच्यासारखं. घरातल्या शिकलेल्या पोरांनी आधी नावं ठेवली, मग तीच त्याच्यासारखं बोलायला लागली. आमच्या भागात तर दुसरा विषयच नव्हता. दुधाच्या डेअरीवर फॅट किती लागली हे विचारायच्या आधी, "मत दिलं का?" ६ ऑक्टोबरला शेवट होता. नवरात्र चालू होतं. आप्पाच्या घरी मोठा टीव्ही आहे म्हणून सगळे तिथं जमलो. त्याची पोरगी सासरहून आली होती, मांडीवर तिचं लेकरू. ती आता घरात गुणगुणते, बाहेर गात नाही.

कार्यक्रमात त्या पोराच्या घरचं बोलणं निघालं, त्याचे आईबाप, त्याची बहीण. मागून वाजायला लागलं. आप्पा उठला आणि चप्पल घालून गोठ्याकडं गेला. आता बैल नाहीत, दोन जर्सी गाई आहेत. त्याच्यामागं उठावं असं मला वाटलं, पण उठलो नाही. थोड्या वेळानं रितेश देशमुखांनी त्या पोराचा हात वर केला आणि घरात एकच आरडाओरडा झाला. पोरं मोबाईल घेऊन अंगणात पळाली. लांब कुठंतरी फटाके वाजले.

मी गोठ्यापाशी गेलो. आप्पा गाईंपुढं कुट्टी टाकत होता.

"जिंकलं का ते पोरगं?"

"जिंकलं."

"बरं झालं," आप्पा म्हणाला. घमेलं रिकामं करून त्यानं ते उलटं ठेवलं. "त्याच्याकडनं काय विकून घेतलं न्हाय ना?"

मी म्हणालो, "दिसलं तरी न्हाय."

"मंग बरं झालं," म्हणाला, आणि दुसरं घमेलं भरायला लागला.